मुरबाडहून शहापुरास

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे काशी-रामेश्वर, बदरी-केदार, निदान गोकर्ण तरी असावे अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि ती वावगीही नव्हे. मुरबाड आणि शहापूर हे ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडील दोन तालुके. तेथे तीर्थयात्रेस कोणी जात नाही, की हवापालटासही जात नाही. पावसाळ्यात माळशेज घाटातील धबधबे पाहावयास जी मंडळी मोटारी भरभरून जातात, त्यांस मुरबाड ठाऊक असते ते वाटेत चहा घेण्याचे ठिकाण म्हणून. परंतु याच मुलखात मी १९८० पासून अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविली. सेवानिवृत्तीनंतर कल्याणास मुलाकडे राहावयास गेलो, तो गेल्या पौषात प्रथमच तिकडे फिरकलो. एका दिवसाचीच ती फेरी. पण तिने मनातील एक जुने शल्य वर आणले, म्हणून ही हकीकत.

निमित्त असे झाले की, माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेतून आला होता. १९८७ साली तो माझ्यापाशी सातवीत होता. पुढे इंजिनियर झाला, आणि आज वीस-बावीस वर्षे ओहायो संस्थानात बिऱ्हाड करून आहे. घरी येऊन पायांवर डोके ठेवले, आणि म्हणाला, "गुरुजी, एक दिवस माझ्याबरोबर चला. मुरबाडची एमआयडीसी पाहायची आहे." मी हसलो. म्हटले, "अरे, तेथे पाहण्यासारखे आहे काय? निम्मे दरवाजे बंद." तो म्हणाला, "म्हणूनच. मी राहतो तेथेही पाहण्यासारखे तेवढेच आहे." त्याचा वर्गबंधूही आम्हांस भेटावयाचा होता. तो आसनगावास राहतो. त्याचे नाव निघताच मी थोडा गप्प झालो. त्याचे कारण पुढे येईलच.

त्याने मोटार ठरविली होती, पण मी एस.टी.चा आग्रह धरला. शहाडचा पूल ओलांडला की कल्याण मागे पडते. डाव्या हातास, उल्हासच्या काठी, मोहने गाव. तेथील रेयॉनच्या कारखान्याने कित्येक घरांच्या चुली पेटविल्या. २००९ च्या नोव्हेंबरात त्यास टाळे लागले. रायत्याच्या पुलावरून उल्हास ओलांडली आणि दोहों बाजूंस कापून झालेली भातखाचरे, पेंढ्याची उडवी आणि भेंडीचे हिरवे तुकडे दिसू लागले. हवा स्वच्छ होती. समोर सह्याद्रीची भिंत सरळ उभी, आणि तिच्यातील ती खाच म्हणजे नाणेघाट.

नाणेघाटाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. सातवाहनांच्या काळी कल्याणच्या बंदरात उतरलेला माल याच मुरबाडच्या मैदानातून बैलांच्या पाठीवर नाणेघाटाने जुन्नरास चढत असे. घाटमाथ्यावर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे, आणि जवळच एक दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकीत असे लोक सांगतात. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाने 'पेरिप्लस' नावाचे जे टिपण लिहून ठेवले आहे, त्यात कल्याणविषयी एक चमत्कारिक मजकूर आहे. हे एके काळी राजमान्य बंदर होते, परंतु सत्ता पालटल्यापासून येथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहारा बसवून भडोचास नेतात, असे तो लिहितो. बंदर तेच, समुद्र तोच, घाट तोच. आणि व्यापार मात्र भडोचास गेला! कल्याणच्या हमालांनी त्या वेळी कोणास दोष दिला असेल? भडोचच्या हमालांसच दिला असेल, असे मी विद्यार्थ्यास म्हणालो. त्यास हे फार आवडले. अमेरिकेत तो वाद अजून चालू आहे, म्हणाला.

मुरबाडास उतरून आम्ही पायीच औद्योगिक वसाहतीकडे वळलो. मी प्रथम या गावी आलो तेव्हा येथे भाताच्या गिरण्यांखेरीज धूर काढणारे काही नव्हते. भात झाले की माणसे वीटभट्टीवर, नाहीतर कल्याण-अंबरनाथाकडे कामास जात. मग सरकारच्या मनात आले की, मुंबई-ठाण्यात कारखान्यांची दाटी झाली, ती मागास भागांत न्यावी. १९६४ पासूनच राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना होती; मागास भागात कारखाना काढणारास विक्रीकरात सूट, भांडवलास साहाय्य, जमीन स्वस्त. मुरबाडचा मागासपणा हीच मुरबाडची पुंजी ठरली. पत्र्याच्या लांबलचक शेड उभ्या राहिल्या, सकाळ-दुपार-रात्र भोंगे वाजू लागले, आणि गावोगावच्या लग्नाच्या बैठकींत एक नवीन शब्द ऐकू येऊ लागला : "मुलगा कंपनीत परमनंट आहे." त्यापुढे कोणी जमीन विचारीत नसे, शिक्षण विचारीत नसे.

१९९० च्या उन्हाळ्यात, दहावीचा निकाल लागल्यावर, दोन बाप माझ्याकडे आले. दोघांची मुले चांगली उत्तीर्ण झाली होती. आणि खरे सांगावयाचे तर दोहोंत हुशार होता तो आज आसनगावास राहणारा. त्याचे गणित असे होते की, फळ्यावर उदाहरण लिहून होण्यापूर्वी उत्तर येई. त्याच्या बापाने विचारले, "गुरुजी, पोराला पुढं शिकवू का कंपनीत लावू? कंपनीत जागा हाय." मी म्हटले, "कंपनीत लावा. दोन वर्षांत कायम होईल, जन्माची भाकरी झाली." दुसऱ्या बापासही मी तेच सांगितले होते. त्याने ऐकले नाही. दोन म्हशी विकून मुलास कल्याणच्या कॉलेजात घातले. ज्याने माझे ऐकले नाही तो माझ्याबरोबर चालत होता. ज्याने ऐकले त्यास भेटावयास आम्ही चाललो होतो. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते, आणि दोघांपैकी कोणीच बोलत नव्हते.

वसाहत अगदीच ओसाड आहे असे लिहिले तर ते असत्य होईल. काही कारखाने धडधडत आहेत. लोखंडी पिंपांची बुचे आणि बांधकामाच्या पराती-परांचीचे सांगाडे येथे तयार होऊन युरोप-अमेरिकेस जातात. हे ऐकून माझा सोबती एकदम थांबला, आणि हसून म्हणाला, "म्हणजे गुरुजी, ओहायोत कोणीतरी ही बुचे करीत असेल, त्याच्या लेखी मुरबाड म्हणजेच चीन!" पण चालू कारखान्यांच्या शेजारीच अनेक शेड अशा की, पत्रे गंजून गळून पडलेले, आत रानतुळस माजलेली, आणि फाटकावर बँकेची नोटीस. एका फाटकाशी म्हातारा रखवालदार बसला होता. त्यास विचारले, "हा कधी बंद पडला?" तो म्हणाला, "पडला नाय मास्तर, पाडला."

मराठी व्याकरण शिकविण्यात जन्म घालविलेल्या माणसास याहून मोठा धडा काय मिळणार? 'पडला' आणि 'पाडला' यांत एका कान्याचे अंतर. पहिल्यात कर्ता नाही; झाड पडावे, पाऊस पडावा तसा कारखाना पडला. दुसऱ्यात कोणीतरी पाडणारा आहे. मालक नेहमी पहिले क्रियापद वापरतात आणि कामगार दुसरे. आणि पाडणारा कोण, याचे उत्तर ज्याच्या त्याच्या मनात अगोदरच तयार असते : कोणाच्या मते संप, कोणाच्या मते परदेशी माल, कोणाच्या मते यंत्र.

तेथेच एका दगडावर बसून सोबत्याने मला यंग्सटाउनची गोष्ट सांगितली. ओहायोतील ते पोलादाचे शहर. १९ सप्टेंबर १९७७ च्या सोमवारी तेथील एका प्रचंड पोलाद-कारखान्याने दार लावीत असल्याचे जाहीर केले, आणि एका दिवसात सुमारे ५,००० माणसांचे काम गेले. लोक त्यास आजही काळा सोमवार म्हणतात. जवळच लॉर्डस्टाउनास १९६६ पासून मोटारी तयार होत. तो कारखानाही २०१९ च्या मार्चमध्ये थांबला. साऱ्या देशाचे पाहावे तर, १९७९ च्या जूनमध्ये अमेरिकेतील कारखान्यांत १ कोटी ९५ लाख माणसे कामास होती, तो तेथील उच्चांक. २०१० च्या आरंभी ती सुमारे १ कोटी १५ लाख उरली. नंतर आकडा थोडा वर चढला, पण जुनी पातळी पुन्हा आली नाही.

"चीनने नेले, असे ना?" मी विचारले. तो म्हणाला, "तेथे प्रत्येक निवडणुकीत तेच सांगतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे." २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि पुढील दहा वर्षांत फर्निचर, कापड, खेळणी करणारी अमेरिकन गावेच्या गावे बसली. अर्थशास्त्रज्ञांचा हिशेब असा की, १९९९ ते २०११ या काळात चिनी मालाच्या स्पर्धेने सुमारे २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्या. परंतु २००० ते २०१० या दशकात कारखान्यांतील एकंदर नोकऱ्या कमी झाल्या त्या याच्या दुपटीहून अधिक. काही मंदीने खाल्ल्या, काही यंत्रांनी. पोलादाचेच पाहा : १९८० च्या सुमारास एक टन पोलादास तेथे सुमारे १० माणसांचा एकेक तास लागे, आज दोघांचा पुरतो. यंग्सटाउनचा कारखाना तर चीन बाजारात उतरण्यापूर्वी वीस-पंचवीस वर्षे बंद झाला. त्याच्या भट्ट्या जुन्या झाल्या होत्या, आणि नफा होता त्या दिवसांत मालकांनी त्या नव्या केल्या नव्हत्या. "पडला की पाडला?" मी विचारले. तो म्हणाला, "आमच्या इंग्रजीत ही सोय नाही, गुरुजी."

मला गिरणगाव आठवले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. संपाने गिरण्या बुडाल्या असे आपल्या घराघरांतून बोलले जाते; मीही वर्गात तसेच सांगत आलो. परंतु मुंबईच्या गिरण्यांतील यंत्रे त्यापूर्वीच किती जुनाट झाली होती, आणि कापड विणण्याचे काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे कसे सरकत होते, हे मी पाहिले नव्हते काय? मुरबाडहून भिवंडी ती किती दूर! तेथे युनियन नव्हती, प्रॉव्हिडंट फंड नव्हता, बारा बारा तास माग चालत. संपाने नवी वाट पाडली नाही. असलेल्या वाटेवर गाडा जोराने ढकलला. गिरणगावाचा चीन भिवंडी होती. आणि आज त्याच भिवंडीतील माग भंगारात निघत आहेत!

मुरबाडचेही हेच. ठाण्या-मुंबईच्या कामगारांच्या तोंडचा घास मुरबाडास आला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. तो घास कोणाच्या ताटातला हे कोणी विचारले नाही. मी तरी नाही. मग विक्रीकराच्या सुटीची वर्षे भरली. तोवर दमण आणि सिल्वासा यांनी दारे उघडलीच होती. २००३ साली केंद्र सरकारने हिमाचल आणि आजच्या उत्तराखंडातील नव्या कारखान्यांस दहा वर्षे उत्पादन शुल्क माफ केले. जो सवलतीसाठी आला होता तो पुढच्या सवलतीसाठी गेला. यात नवल ते काय? जे राहिले त्यांनी कायम नेमणुका थांबविल्या, आणि ठेकेदाराकडून माणसे घेऊ लागले. 'परमनंट' हा शब्द लग्नाच्या बैठकीतून नाहीसा झाला.

एस.टी. स्थानकाशी परत आलो तो म्हशाच्या जत्रेतून उरलेला माल घेऊन एक फेरीवाला बसला होता. पौष पौर्णिमेची ही जत्रा गुरांसाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध. सोबत्यास घोंगडीची हौस आली; घासाघीस करून एक घेतली, आणि मग उलटून पाहतो तो कोपऱ्यात पानिपतच्या गिरणीची चिठ्ठी! मराठी माणसास पानिपताने पुन्हा एकदा गाठले म्हणून आम्ही दोघेही पुष्कळ हसलो. घोंगडी मात्र ऊबदार आहे, हेही नमूद केले पाहिजे.

मुरबाडहून सरळगाव, किन्हवली या मार्गाने शहापुरास जाणारी एस.टी. मिळाली. काळूच्या खोऱ्यातून जाणारा हा रस्ता मला फार प्रिय आहे. वालाची शेते फुलली होती, सागाची पाने गळत होती. किन्हवलीस दोन बायका रिकामे हंडे घेऊन गाडीत चढल्या. तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईची तहान भागविणारी तीन धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत. आणि दर चैत्र-वैशाखात तालुक्यातील पाड्यांस टँकरने पाणी पाजावे लागते. असो. त्या विषयावर लिहू लागलो तर हा लेख येथेच संपेल.

शहापूर जवळ आले की माहुलीचे सुळके दिसतात. १६३६ साली शहाजीराजांनी याच गडाचा आश्रय केला होता. आज माहुलीवरून पाहणारास खाली समृद्धी महामार्ग दिसेल. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. नागपूरचा माल आता थेट भिवंडीच्या वेशीवर, म्हणजे गोदामांच्या दारात, येऊन उभा राहतो. ही गोदामे भिवंडीस का वाढली, तर पूर्वी मुंबईच्या हद्दीत माल नेला की जकात पडे, म्हणून व्यापारी तो हद्दीबाहेर साठवीत. २०१७ साली वस्तू-सेवा कर आला, जकात गेली; पण गोदामे गेली नाहीत, उलट अवाढव्य झाली. नाणेघाटाच्या रांजणापासून येथपर्यंत जकातीने या मुलखाचे काय काय केले, याचा कोणी इतिहास लिहावा.

आसनगावास स्टेशनापासून थोड्या अंतरावर दोन खोल्यांत तो राहतो. पडघ्याकडील एका गोदामात रात्रपाळी करून सकाळी आला होता, झोपून नुकताच उठला होता. केस पांढरे झालेले. मला पाहताच वाकून नमस्कार केला, आणि मित्रास मिठी मारली. मुरबाडचा कारखाना २००६ साली बंद झाला तेव्हा त्याने हिशेब घेतला. त्यातून बापाच्या वेळचे कर्ज फिटले. मग रिक्षा, मग ठेकेदाराकडे पाच वर्षे, आणि आता गोदाम. फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर संगणकात भरावयाचे. सोबत्याने विचारले, "माल कोठला असतो रे? चीनचा?" तो म्हणाला, "पेटीवर बारकोड असतो, तो मशीन वाचतं. गाव कोण बघतो?" मग माझ्याकडे वळून, "नंबर मात्र पाठ राहतात, गुरुजी. रात्रीच्या तीनशे गाड्यांचे सकाळी सांगेन."

मी मनाचा हिय्या करून म्हटले, "मी तुझ्या वडिलांना चुकीचा सल्ला दिला." तो चटकन म्हणाला, "नाही गुरुजी, तेव्हा तो बरोबरच होता. पंधरा वर्षं घर चाललं त्याच्यावर. बहिणींची लग्नं झाली." त्याने हे इतक्या सहज म्हटले की, मला ते ऐकून बरे वाटले नाही.

त्याची मुलगी यंदा बारावीस आहे. चहा ठेवावयास ती आत गेली तेव्हा तो पुढे सरकून बसला, आणि तोच जुना प्रश्न निघाला. तो मला विचारील म्हणून मी सावरून बसलो होतो. त्याने मित्रास विचारले. "तूच सांग, पोरीला काय शिकवू? कॉम्प्युटर शिकवू?" मित्र पुष्कळ वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझा मुलगा कॉम्प्युटरच शिकला. चार वर्षांची फी भरली. आता प्रोग्रॅम लिहिणारं यंत्र आलंय, आणि तो घरी बसून अर्ज करतोय. मी काय सांगू तुला?"

एवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. कप खाली ठेवीत म्हणाली, "मी नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरलाय, बाबा. पैसे आईनं दिले." बाप तिच्याकडे पाहतच राहिला. आम्हा तिघांत विचारण्यासारखे कोणी आहे असे तिला वाटले नव्हते. मी कोठले कॉलेज विचारले, किती वर्षांचा क्रम, वसतिगृह आहे काय. तिने साऱ्यांची उत्तरे बिनचूक दिली. आकडे तर बापासारखेच तोंडपाठ. मग ती म्हणाली, "गुरुजी, चहा घ्या, तुमची कसाऱ्याची लोकल चुकेल."

ती लोकल आम्हास मिळाली. पानिपतची घोंगडी त्या घरीच राहिली; रात्रपाळीस फाटकावर थंडी असते.